परबांच्या रणगाड्याची माघार

रविवार, १६ फेब्रुवारी १९८६. सायंकाळी पाच वाजून बावीस मिनिटांनी मुलुंड पूर्वेच्या 'सुखशांती' इमारतीच्या पहिल्या मजल्यावरून एक रणगाडा खाली पडला. जीवितहानी नाही.

एवढीच बातमी. माझ्या टेबलावर आली असती तर दोन ओळींत आतल्या पानावर लावून मी चहा मागवला असता. पण या रणगाड्याचे तेवीस स्क्रू मी स्वतःच्या हाताने काढले होते आणि त्यांतले वीसच परत बसवले होते. उरलेले तीन त्या क्षणी माझ्या लेंग्याच्या खिशात होते. तेव्हा ही बातमी सविस्तर सांगणं मला भाग आहे.

मी मार्तंड प्रधान. एका मराठी दैनिकात पंधरा वर्षं उपसंपादक. तारीख, वार, आडनाव यांत आजवर माझी चूक निघालेली नाही, हे मी त्या आठवड्यापर्यंत छाती पुढे काढून सांगत असे. शिवाय रविवारच्या पुरवणीत माझं एक सदर येतं, 'घरच्या घरी दुरुस्ती'. इस्त्री, मिक्सर, गळका नळ, करकरणारं दार, सगळं त्यात येऊन गेलं आहे. रद्दीवाल्याकडची इंग्रजी मासिकं आणि माझी सुबोध शैली यांवर ते सदर चालतं. मी स्वतः कधी फ्यूजसुद्धा बदललेला नाही. आमच्याकडे फ्यूज शुभा बदलते.

"अहो, तो नळ," शुभा दर रविवारी पुरवणी वाचून म्हणते, "तीन महिने गळतोय. त्याच्यावर तुमचा लेख आला, लोकांची पत्रं आली. नळाला अजून काही कळलेलं दिसत नाही!"

मी तिच्याकडे दुर्लक्ष करतो. सगळी बायकांची जातच दुरुस्तीच्या शास्त्राकडे संशयाने बघते.

तर मंगळवारी सकाळी शेजारचे भाऊराव परब रणगाडा घेऊन माझ्या दारात उभे राहिले. तान्ह्या बाळाला दवाखान्यात आणावं तसा तो त्यांनी टॉवेलात गुंडाळून आणला होता.

भाऊराव मूळचे कुडाळचे. फौजेत टँक ड्रायव्हर. एकाहत्तरच्या लढाईत चौदा दिवस त्यांनी टँक चालवला, ही गोष्ट मुलुंडच्या भाजीवाल्यांनाही पाठ आहे. गोष्टीचा शेवट कायम एकच : "चौदा दिवस! पण प्रधान, रिव्हर्स गिअरला हात लावला नाही!" त्यांच्या मुलाने, गुणाजीने, मस्कतहून त्यांना हा रिमोटवर चालणारा रणगाडा पाठवला होता. हातभर लांब, हिरवा, फिरत्या तोफेचा, पुढे तांबडा दिवा. रोज संध्याकाळी पाच वाजता भाऊराव बनियन बदलून तो गॅलरीत काढत. मग सगळ्यांनी आपापल्या चपला, बादल्या आणि पायपुसणी आत घ्यायची. रणगाडा गॅलरीच्या टोकाला पोचला की भाऊराव स्वतः चालत जात, उचलून त्याचं तोंड फिरवत आणि परत पुढे चालवत. रिमोटची दांडी मागे ओढली की रणगाडा मागे येत असे. पण भाऊराव ती ओढत नसत. खेळण्यातसुद्धा नाही.

"काल सांजेपासून हलत नाही," ते म्हणाले. त्यांचा आवाज उतरला होता. "दिवा जरासा लागतो, घरघरतो आणि गप्प. प्रधान, रविवारी कर्नलसाहेब येतायत!"

"कोणते कर्नलसाहेब?"

"माझे! एकाहत्तरला माझ्या टँकमध्ये उभे होते ते. तेव्हा कॅप्टन होते. पुण्याला असतात, ठाण्यात भाचीकडे यायचेत, तिथून माझ्याकडे चहाला. पंधरा वर्षांनी भेटणार. मी पत्रात लिहून बसलोय, साहेब, तुमचा ड्रायव्हर अजून टँक चालवतो म्हणून!"

"दत्तारामला दाखवा ना," आतून शुभा म्हणाली. दत्ताराम तळमजल्यावर राहतो. विक्रोळीच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन आहे, इमारतीतले सगळे रेडिओ त्याच्या हातून जातात.

"दत्ताराम पोरगा बरा आहे, पण तो पेपरात लिहितो काय?" भाऊराव म्हणाले.

या वाक्यावर माझी छाती दोन इंच फुगली. "भाऊराव," मी म्हणालो, "गुरुवारपर्यंत टँक तुमच्या दारात. चालता!"

आता पद्धत सांगतो. बातमीदाराने आधी माहिती गोळा करावी, मग हात घालावा. मी वही घेऊन परबांच्या घरी गेलो आणि भाऊरावांच्या बायकोची, जानकीकाकूंची जबानी घेतली.

"शेवटचा केव्हा चालला?"

"रविवारी."

"पडला? पाणी गेलं?"

"नाही बा."

"सेल?"

"सेल परवाच घातले मी, ते आपले..."

"परवा, म्हणजे रविवारी रात्री," मी म्हणालो आणि वहीत लिहिलं : 'सेल नवे. सेलचा प्रश्न नाही.' काकू पुढेही काहीतरी बोलत होत्या. पण पंधरा वर्षं मी बातम्या शेपटाकडून कापतो. जागा कमी असली की शेवटचं वाक्य जातं. महत्त्वाचं सगळं पहिल्या वाक्यात असतं, हा आमचा धर्म. मी वही मिटली.

बुधवारी सकाळी रणगाडा उलटा करून मी उघडला. आत काय असेल याची मला कल्पना नव्हती, आणि उघडल्यावरही आली नाही. दोन मोटारी, इवलीशी चाकं, हिरव्या पाटीवर मुंग्यांच्या रांगेसारखं काहीतरी आणि सगळीकडे वायरी. पण मी शिस्तीचा माणूस! प्रत्येक वायर काढण्यापूर्वी वहीत नोंद केली. 'लाल उजवीकडे, काळी डावीकडे.' स्क्रू मोजून वाटीत ठेवले. दुपारी शुभाने त्या वाटीत मोहरी काढली. त्यात चूक माझी, मी वाटीवर चिठ्ठी लावली नव्हती.

"अहो, सापडले का सगळे?"

"वीस."

"आणि बाकीचे?"

"जेवताना सावकाश चाव," मी म्हणालो.

(उरलेले तीन शनिवारी सापडले. तोवर वरचं झाकण बसलं होतं.)

गुरुवार उजाडला. आमची पुरवणी शुक्रवारी छापून होते, म्हणजे सदराचा मजकूर गुरुवारी सहाच्या आत जावा लागतो. माझ्याकडे विषय नव्हता. घरी टेबलावर रणगाडा पोट उघडून पडलेला. आणि साडेपाच वाजलेले.

मी जे केलं ते आता लिहितानाही कान गरम होतात.

मी मथळा लिहिला : 'रणगाडा पुन्हा धावू लागला!' आणि खाली लिहिलं, की मुलुंडचे एक माजी सैनिक श्री. भाऊराव परब यांचा रिमोटवरील रणगाडा आठवडाभर बंद होता. दोष मोटारीच्या जोडणीत होता. 'तो शोधून काढून जोडणी पक्की करताच बुधवारी सायंकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी रणगाडा दिमाखात पुढे सरकला, तेव्हा त्या वृद्ध योद्ध्याच्या डोळ्यांत पाणी तरळले.'

खोट्याला मिनिटं जोडली की ते खरं वाटतं, हे मला धंद्यानेच शिकवलं आहे. हाच तपशील दुसऱ्या कुणी लिहून आणला असता तर मी विचारलं असतं, 'पाणी कोणी पाहिलं?' स्वतःला विचारलं नाही. माझा हिशेब साधा होता : मजकूर रविवारी येणार, रणगाडा शनिवारपर्यंत चालणार, मग तो बुधवारी चाललेला असला काय किंवा शनिवारी!

शुक्रवारी मी दत्तारामकडून वायरींना डाग देण्याची सळई मागून आणली.

"काय यार प्रधानसाहेब, मी येऊ का वर? दोन मिनिटांत बघतो."

"नको, नको."

"अहो, नुसता बघतो. हात नाही लावत."

"काम झाल्यात जमा आहे," मी म्हणालो. खरं कारण वेगळं होतं. दत्तारामने रणगाडा दुरुस्त केला असता तर माझ्या छापून झालेल्या लेखाचं काय झालं असतं? लेखात दत्ताराम नव्हता!

शनिवारी दुपारी मी वहीप्रमाणे वायरी जोडल्या. लाल उजवीकडे, काळी डावीकडे. फक्त तोवर रणगाडा मी सरळ करून ठेवला होता. आणि वहीतलं 'उजवीकडे' हे तो उलटा असतानाचं होतं. ही गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. येणार तरी कशी? दांडी ढकलली तर रणगाडा चाललाच नाही. दिवा जरासा लागला, घरघर झाली आणि गप्प. मंगळवारी होता तसाच. चार दिवस राबून मी त्याला होता त्याच जागी आणून ठेवलं होतं.

रविवारी सकाळी साडेसातला दारावर थाप पडली. भाऊराव! एका हातात आमचा पेपर, दुसऱ्या हातात पेढ्यांचा पुडा.

"प्रधान! नाव छापलंत माझं!" ते म्हणाले. "जानकीला दोनदा वाचून दाखवलं. 'वृद्ध योद्धा' म्हणे! टँक बुधवारीच चालला आणि मला बोलला नाहीत? सरप्राइज ठेवलंत!"

या वेळी खरोखरच त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. एवढ्या एका तपशिलापुरता लेख खरा ठरला.

माझ्या मागे शुभा उभी होती. तिने पेपर वाचला होता. तिने फक्त माझ्याकडे बघितलं. लग्नाला अकरा वर्षं झाली, इतकं स्पष्ट ती कधी बोलली नव्हती.

आता सांगायचं. एकच वाक्य होतं. 'भाऊराव, तो चालत नाही.' मी तोंड उघडलं. भाऊरावांनी त्यात पेढा घातला.

"फक्त एक करा," पेढा गिळून मी म्हणालो, "साहेब येईपर्यंत चालवू नका. नवी जोडणी आहे. विश्रांती हवी."

"अलबत!" भाऊरावांनी टाचा जुळवल्या आणि रणगाडा टॉवेलात गुंडाळून घेऊन गेले.

"विश्रांती?" दार लागल्यावर शुभा म्हणाली.

"पाचपर्यंत काहीतरी होईल."

"काय होईल?"

"साहेब येणार नाहीत. भाचीकडे जेवण जड झालं तर माणूस झोपतो."

साहेब पाच वाजता आले. मिनिटभरही इकडेतिकडे नाही. उंच, पांढऱ्या मिशा, साधा बुशशर्ट. भाऊरावांनी कडक सलाम ठोकला आणि साहेबांनी त्यांना मिठी मारली. गॅलरीत परबांच्या दाराशी साहेबांसाठी खुर्ची मांडली होती. जानकीकाकूंनी कांदेपोहे दिले, ओल्या नारळाच्या करंज्या दिल्या. अख्खा मजला कठड्याला टेकून उभा. दत्तारामसुद्धा आला. भाऊरावांनी आधी माझा लेख मोठ्याने वाचला. तो ऐकताना मी गॅलरीच्या फरशा मोजल्या. एका रांगेत चौदा होत्या.

रणगाडा पंधरा पावलांवर, साहेबांकडे तोंड करून ठेवला होता. तो चालत येणार, साहेबांच्या बुटांपुढे थांबणार आणि तोफ झुकवून सलामी देणार, असा बेत. त्याच्या मागे गॅलरीचं टोक. तिथल्या कठड्याचे दोन गज सडून गेले आहेत. मी घरमालकांना त्याबद्दल तीनदा लेखी कळवलं आहे, तारखांसह. खाली अंगणात मंडपवाल्याचा टेम्पो उभा होता. शनिवारी इमारतीत साखरपुडा झाला, त्याच्या गाद्या आणि लोड दादू नावाचा ड्रायव्हर भरत होता.

"साहेब, परवानगी?"

"चलो, परब!"

भाऊरावांनी दांडी पुढे ढकलली. दिवा जरासा लागला. घरघर. गप्प.

पुन्हा ढकलली. गप्प. भाऊरावांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे. मी काहीतरी करीन, अशा खात्रीने बघितलं. तेच जास्त लागलं.

"सेल बघा ना," दत्ताराम म्हणाला.

"सेल नवे आहेत," मी ताडकन म्हणालो. "काकूंची जबानी आहे!"

दत्तारामने तोवर खालची पट्टी उघडून एक सेल हातात घेतला होता. "नवे? अहो, ह्याला तर गंज चढलाय! काकू, हे कुठले?"

"रेडियोतले," जानकीकाकू म्हणाल्या. "जुने झालेले, पण दोन दिवस कठड्यावर उन्हात ठेवून चांगले तापवून घेतलेले. नवे मी रेडियोत घातले."

"अगो!" भाऊराव किंचाळले. "नवे रेडियोत कशाक घातलंस?"

"खेळण्याक कशाक व्हये नवे? आणि मी ह्यांना मंगळवारीच सांगितलेलं! 'सेल परवाच घातले मी, ते आपले उन्हात तापवलेले.' ह्यांनी वही मिटली!"

सगळ्या मजल्याने माझ्याकडे पाहिलं. खरं सांगायचं तर आमच्याकडेही सेल उन्हातच ठेवतात. त्या क्षणीसुद्धा आमच्या खिडकीत चार होते. ज्या गावात प्रत्येक कठड्यावर सेल वाळत असतात, तिथे मी 'कुठले सेल?' हा प्रश्न विचारला नव्हता. पंधरा वर्षं उपसंपादक!

"म्हणजे टँक बिघडलाच नव्हता?" साहेबांनी विचारलं.

याचं उत्तर माझ्याकडे होतं. मी दिलं पाहिजे होतं.

काकूंनी रेडिओतले चार सेल काढून आणले. दत्तारामने ते बसवले. तांबडा दिवा असा झगझगीत पेटला की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्याही जिवात जीव आला. झालं ते झालं, आता चालेल, साहेब खूश होतील, सोमवारी सगळे विसरतील!

भाऊराव साहेबांच्या शेजारी ताठ उभे राहिले. "परब, आगे बढो!" साहेब म्हणाले. भाऊरावांनी दांडी पूर्ण पुढे ढकलली.

आणि रणगाडा भरधाव मागे निघाला!

साहेबांकडे तोफ रोखून, पाठीमागे सुसाट! एकाहत्तर सालापासून परबांच्या रणगाड्याने घेतलेली ही पहिली माघार, आणि तीही त्यांच्याच कप्तानासमोर!

"अरे! अरे!" भाऊरावांनी दांडी आणखी जोरात पुढे रेटली. रणगाडा आणखी जोरात मागे गेला.

"काका, वायरी उलट्या लागल्यात!" दत्ताराम ओरडला. "दांडी मागे ओढा! मागे!"

"मागे?" भाऊराव गरजले. "साहेबांसमोर? रिव्हर्सला हात? मरेन पण लावणार नाय!"

"अहो, मागे ओढलीत की पुढे जाईल!"

"नाय!"

"निदान सोडा तरी!"

"फौजी गाडी सोडत नाय!"

मी धावलो. आयुष्यात प्रथमच दुरुस्तीसाठी धावलो. एका पायपुसण्यावरून घसरत गेलो आणि रणगाडा कठड्याच्या फटीत शिरताना त्याची एरियल पकडली. एरियल माझ्या हातात आली. ती मीच डाग देऊन जोडली होती. दत्ताराम म्हणतो, एरियल तुटल्यावर रणगाडा जागीच थांबायला हवा होता. थांबला असेलही. पण तेव्हा त्याच्याखाली जमीन नव्हती.

पाच वाजून बावीस मिनिटं.

मी फटीतून खाली वाकून पाहिलं. रणगाडा गाद्यांच्या ढिगावर अलगद, उताणा न होता पडला होता. दिवा चालू होता. मी "दादू! ओ दादू!" म्हणून हाक मारली. टेम्पोचं इंजिन त्याच क्षणी सुरू झालं. मी जिन्यावरून धावलो, तोवर टेम्पो फाटकातून वळला होता. दादूने माझा हात हलताना आरशात पाहिला असावा. त्यानेही हात हलवला.

वर आलो तेव्हा भाऊराव खुर्चीशेजारी उभे होते आणि दांडी अजून पुढेच ढकललेली होती.

साहेबांनी हळूच तो रिमोट त्यांच्या हातातून घेतला. "परब," ते म्हणाले, "एवढं काय मनाला लावून घेतोस? तेव्हाही एकदा मागे घेतलाच होता की आपण. त्या पुलापाशी. रात्रभर मागेच येत होतो. मीच ऑर्डर दिली होती, आठवतं? तू रिव्हर्स इतका सरळ चालवलास म्हणून आपण टँकमधले चौघे आज आहोत."

भाऊराव पायाच्या अंगठ्याने फरशी खरवडत होते. जानकीकाकूंनी तोंडाला पदर लावला, हसू लपवायला की आणखी कशाला, मला कळलं नाही. अख्ख्या मुलुंडला पाठ असलेली गोष्ट होती ती.

साहेब साडेसहाला गेले. जाताना माझ्याशी हात मिळवून म्हणाले, "लेख छान होता." या वाक्यावर मी अजून विचार करतो आहे.

सोमवारी सकाळी मी परबांकडे गेलो. सोबत कागद होता. "भाऊराव, मी खुलासा लिहिलाय. 'गेल्या रविवारी या सदरात प्रसिद्ध झालेला मजकूर निराधार होता. रणगाडा बुधवारी चालला नव्हता. तो बिघडलाही नव्हता. तो प्रस्तुत लेखकाने बिघडवला.' येत्या रविवारी छापतो."

भाऊरावांनी कागद दोनदा वाचला. भिंतीवर, रणगाडा असायचा त्या फळीच्या वर, त्यांनी माझ्या लेखाचं कात्रण डकवलं होतं.

"छापू नका," ते म्हणाले.

"पण ते खोटं आहे, भाऊराव."

"असू दे. तुम्ही खुलासा छापलात, प्रधान, तर मलापण एक छापायला लागेल."

मी कागद घडी करून खिशात ठेवला. मग वाण्याच्या दुकानातून मंडपवाल्याला फोन लावला. तिथून कळलं, की टेम्पो रविवारीच विक्रोळीच्या एका हॉलवर गेला, तिथे अर्ध्या गाद्या उतरवल्या. हॉलवरच्या रखवालदाराला फोन केला. हो, म्हणाला, हिरवं खेळणं पाहिलं. वरच्या गादीवर होतं. दिवा पेटलेला. टेम्पो ते घेऊन कांदिवलीकडे गेला.

भाऊरावांनी रिसीव्हर माझ्या हातातून ओढून घेतला. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"तोफेचं तोंड कुठे होतं?"

उत्तर ऐकून त्यांनी फोन ठेवला.

"पुढे," ते म्हणाले. "टेम्पो जाई तिकडे." कालपासून पहिल्यांदाच त्यांची मान वर झाली.

ही माहिती मी या वेळी वाक्य पूर्ण होईपर्यंत ऐकून, दुसऱ्या माणसाकडूनही तपासून घेतली. हॉलवरच्या आचाऱ्याने तिला दुजोरा दिला आहे. कांदिवलीत गाद्या बुधवारी उतरवल्या गेल्या. त्यांत रणगाडा नव्हता. दादू रजेवर खारदांड्याला बहिणीकडे गेला असून तिथे फोन नाही. खुलासा माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. नळ गळतो आहे.